एकशे बारा डिझाइनचं कुलूप

३ नोव्हेंबर, सोमवार
मकदूम शेठनी आज केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. कॉम्प्युटर इन्चार्जला अकरा वर्षांत पहिल्यांदा. आमचं मोराचं डिझाइन त्यांना नवी पेठेत दुसऱ्याच कारखान्याच्या चादरीवर दिसलं. कुणीतरी फाइल पळवली. म्हणाले, "धनाजी, कॉम्प्युटरला कुलूप बसतंय का बघ की." मी सांगितलं, याला क्रिप्टोग्राफी म्हणतात. पायथॉन भाषेत त्याच्या तयार कोडची लायब्ररी मिळते, ती इन्स्टॉल केली की पुढे चार ओळींचा प्रोग्रॅम.

ऑफिसात विंडोज, डिझाइन रूममध्ये लिनक्स, शेठची मुलगी आफरीन हिच्याकडे मॅक. तिन्हीवर बसवायची. शुक्रवारी देतो म्हणालो. काम एका दिवसाचं आहे, पण लगेच हो म्हटलं की माणसाला किंमत राहत नाही. २१ तारखेला मोठं गिऱ्हाईक एकशे बारा डिझाइन्स बघायला येतंय. त्याआधी कुलूप, मग 'आयटी हेड'ची पाटी. अर्ज लिहून ठेवला आहे.

४ नोव्हेंबर, सकाळी १०.१५
विंडोजवर कमांड दिली. लाल अक्षरांत पानभर मजकूर आला. शेवटची ओळ: सी प्लस प्लसची बिल्ड टूल्स आणा. कुलूप मागितलं तर लोहाराची भट्टी आणायला सांगतंय. आणतो.

दुपारी ४
भट्टी सहा जीबीची निघाली. डाउनलोड चालू. ऑफिसचं नेट बंद पडल्याची सगळ्यांची तक्रार. मी कामात आहे हे कुणाला दिसत नाही.

५ नोव्हेंबर
सी ड्राइव्ह भरली. डाउनलोड ९२ टक्क्यांवर मेलं. आफरीन जाता जाता म्हणाली, "काका, लायब्ररी आणून देणारा तो पिप जुना असेल. आधी तो अपडेट करा ना." पोरगी हुशार आहे, अनुभव नाही. ती गेल्यावर पिप अपडेट केला (मला सुचलंच होतं). अर्ध्या मिनिटात लायब्ररी बसली. पहिलं मशीन स्वबळावर.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
लिनक्स म्हणतो, हे एन्व्हायर्न्मेंट बाहेरून मॅनेज केलं जातं. बाहेरून कोण? इन्चार्ज मी आहे. फार अपमानास्पद मेसेज. शेठना सोमवार सांगितला.

८ नोव्हेंबर
त्याच मेसेजमध्ये खाली तोडगाही होता: 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस' असं लिहून कमांड द्या. सिस्टीम मोडेल असा इशारा होता, पण इशारे नवशिक्यांसाठी असतात. दिली. लायब्ररी बसली. त्यानंतर डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडेना. योगायोग.

गुरुबसप्पा मास्तर दिवसभर बंद स्क्रीनपुढे बसून राहिले. पस्तीस वर्षं ग्राफ पेपरवर एकेक चौकट रंगवून ही सगळी डिझाइन्स त्यांनीच काढली. आता डोळ्यांना चौकट दिसत नाही, म्हणून गेल्या वर्षी सगळे कागद स्कॅन केले आणि तेव्हापासून ते स्क्रीनवर मोठं करून बघतात. दोनदा विचारलं, "माझं मोर दिसंल न्हवं परत?" दिसेल म्हणालो. उगाच काळजी करतात.

१० नोव्हेंबर
आफरीननं लिनक्स दुरुस्त केला आणि लायब्ररीसाठी वेगळं एन्व्हायर्न्मेंट करून दिलं. मी शेजारी उभं राहून लक्ष ठेवलं. दुसरं मशीनही झालं.
संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून कमांड पाठ करणे.

११ नोव्हेंबर, सकाळी ९.४०
उठलो नाही. थंडी.
मॅकवर पासवर्ड टाइप करतो तर एकही अक्षर उमटत नाही. कीबोर्ड गेला आहे, सर्व्हिसला टाका, असं आफरीनला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "दिसत नाही काका, पण जातो तो आत." हे कंपनीनं आधी लिहायला नको का?

१३ नोव्हेंबर
मॅकवर लायब्ररी बसली पण चालेना. ती जुन्या चिपची होती आणि लॅपटॉप नव्या चिपचा. नवा पायथॉन टाकला. चालली! शेठना फोन केला. ते म्हणाले, "शुक्रवार सांगितलावता. हा दुसरा आला की." मी म्हणालो, पाया पक्का घातला आहे.

१४ नोव्हेंबर
प्रोग्रॅम लिहिला. यातलं माझं स्वतःचं डोकं म्हणजे, प्रोग्रॅम दर वेळी चालवला की नवी किल्ली तयार होते. किल्ली कुठेही लिहून ठेवत नाही. लिहिली की फुटली. मोठमोठ्या कंपन्यांना हे सुचलेलं दिसत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सुवर्णदिन. एकशे बाराही फाइल्स लॉक. टेस्ट केली, तिन्ही मशीनवर एकही उघडली नाही. मला स्वतःलासुद्धा उघडता आली नाही, इतकं पक्कं काम.

मग मूळ फाइल्स डिलीट केल्या. बॅकअपचा पेनड्राइव्ह फॉरमॅट केला. राहिले ग्राफ पेपर, म्हणजे चोराला उघडं दार. डाईंगच्या बॉयलरखालच्या जाळात घातले. मास्तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे की हो, काय खायला मागत्यात का ते?" शेठचा हुकूम आहे म्हणालो. शेठनी तसं म्हटलं नव्हतं, पण त्यांचीही हीच इच्छा असणार. मास्तर बॉयलरपाशी बराच वेळ उभे होते. वयोमानाने माणूस हळवा होतो.

१७ नोव्हेंबर, सकाळी ११
शेठना दाखवायला मोर उघडायला घेतला. प्रोग्रॅम म्हणतो, किल्ली चुकीची. लायब्ररी करप्ट झालेली दिसते. तिन्हीकडे काढून परत टाकतो.

संध्याकाळी ६
परत टाकली. तेच.

१८ नोव्हेंबर
आफरीननं प्रोग्रॅम वाचला. मग पुन्हा वाचला. म्हणाली, "काका, लॉक केलं ती किल्ली कुठंय?" मी म्हणालो, कुठेही नाही, तेच तर वैशिष्ट्य आहे. तिनं शेजारचं मशीन सुरू केलं. दिवसभर तिन्ही मशीनवर डिलीट झालेलं काही मिळतं का शोधत होती. सोमवारी मी लायब्ररी परत टाकली तेव्हा जुन्या जागेवर नवं लिहिलं गेलं म्हणे, काही हाती लागलं नाही.
या लायब्ररीच्या माहितीपत्रकात एक धोक्याची सूचना हवी होती. त्यांना कळवणार.

१९ नोव्हेंबर
शेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर उत्तर तयार होतं. जेवणाचा डबा न उघडता घरी गेले.

२१ नोव्हेंबर
गिऱ्हाईक आलं. गोडाऊनमध्ये जुन्या चादरींचे एकोणीस नमुने सापडले, तेवढे दाखवले. मोर त्यात नव्हता; नवी पेठेत दिसलेली ती मोराची चादरही विकून गेली होती. बाकीच्या डिझाइन्ससाठी त्यांनी महिन्याची मुदत दिली. शेठनी फक्त विचारलं, "मास्तर, आठवंल का?" मास्तर म्हणाले, "हात सांगंल. पन रंगवायला डोळं कुनाचं?"
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी आठपासून डिझाइन रूममध्ये. कॉम्प्युटर बंद. समोर ग्राफ पेपर. मास्तर डोळे मिटून सांगतात, मी चौकटी रंगवतो. तीन निळ्या, एक सोडा, दोन हिरव्या. रेघ संपली की ते बोटांनी टेबलावर मोजतात आणि पुढची सांगतात. मधूनच थांबतात. बुट्टीचं, म्हणजे बारीक फुलांचं एक डिझाइन होतं, मुलीच्या लग्नाच्या वर्षी काढलेलं. ते सुरू केलं आणि चौथ्या रेघेला म्हणाले, "न्हाई येत. गेलं ते." मग मोर घेतला.

दुपारपर्यंत मोराची मान झाली. मास्तरांनी विचारलं, "बरोबर आलंय का?" मी तीनदा मोजलं. चोचीपासून सगळं एक घर सरकलं होतं. त्यांना दिसणार नव्हतं.
चुकलंय, म्हणालो.
मास्तर म्हणाले, "मग खोड की. परत सांगतो."