दादाची गाडी यूपीची झाली

जानकीपुरम, लखनौ

तीर्थरूप दादास,

हेमाचा दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हाताला अजून काळं वंगण आहे, कारण पुढे येईलच). तुझा गुडघा आता बरा असेल, वहिनींची शुगर आटोक्यात असेल आणि मिरजेत सगळे खुशाल असतील असं धरून चालते. आई इथे ठीक आहे. ठीक म्हणजे जेवते, झोपते. बाकीचं खाली लिहिते.

तुझी गाडी मी घेतली ती "घरातलीच आहे, डोळे मिटून घे" या तुझ्या शब्दावर. डोळे उघडले ते इथल्या आरटीओत. परराज्यातली गाडी वर्षाच्या आत इथल्या नंबरावर करून घ्यायची, हा नियम मी वाचला होता (सरकारी प्रयोगशाळेत नोकरी केली की माणूस नियम वाचायला लागतो). शेजारचे सतीशजी समजावत होते, "काहे परेशान होती हैं, भाभीजी? हमारे साढ़ू बरसों से दिल्ली नंबर पर घूम रहे हैं." पण मी ऐकते कुठली! तुझ्या मागे लागून सांगलीहून एनओसी मागवली, रोड टॅक्स पुन्हा भरला आणि गाडी तपासायला नेली. तिथे चेसिस नंबरावर कागद ठेवून, वर पेन्सिल घासून ठसा घ्यावा लागतो. तो काही उमटेना, कारण गंजू नये म्हणून तू नंबरासकट सगळीकडे काळं वंगण फासून ठेवलेलं, तेच माझ्या हातावरून अजून निघत नाही (वर फोनवर म्हणालास, "मजबूत काम केलंय!"). तेलीबागेतल्या मेकॅनिकने रॉकेल लावून खरवडता खरवडता विचारलं, "मैडम, गाड़ी खरीदी है कि खुदाई में निकली है?" अखेर ठसा उमटला, यूपी बत्तीसची पाटी लागली आणि मी मूर्खासारखे पेढे वाटले.

आता आईचं. अलीगंजच्या बाजारात मी भाजी घ्यायला उतरले की आई गाडीतच बसून राहायची, काच खाली करून. मला वाटायचं, चालणं नको म्हणून. पण एमएच दहाची पाटी बघून कुणी ना कुणी थांबायचं. "सांगलीचे का तुम्ही?" एवढं विचारलं की झालंच! रेल्वेतल्या एका इंजिनिअरची बायको तासगावची निघाली. इस्लामपूरच्या एका बाईंनी तर मेतकूट आणून दिलं. ही सगळी बदलीची माणसं, आली तशी गेली, पण नवीन कुणीतरी भेटायचंच. मी परत येईपर्यंत आई कुणाच्या तरी नणंदेच्या लग्नापर्यंत पोचलेली असायची. घरी तिच्याशी बोलणार कोण? मी दिवसभर लॅबमध्ये, आणि आमची सावनी आजीलाही हिंदीतच उत्तरं देते.

पाटी बदलल्यापासून कुणी थांबत नाही. आई अजून तशीच काच खाली करून बसते. पाटीचं तिच्या लक्षात आलेलं नाही. परवा म्हणाली, "हेमा, हल्ली बाजार कमी भरतो का ग?" बाजार तर तुडुंब होता. फार वाईट वाटतंय रे दादा, आणि या वेळी दोष द्यायला आरटीओसुद्धा सापडत नाही.

तुझी धाकटी,
हेमा

ता. क. एनओसीसाठी तुला भंडावून सोडलं, रागावू नकोस. असल्या भानगडीत मी पुन्हा पडणार नाही.

आणखी एक ता. क. वहिनी त्यांची स्कूटर विकणार आहेत असं कळलं. दुसऱ्या कुणाला देऊ नका, मी घेते. (आई मागे बसायला तयार आहे, तिच्यासाठी हेल्मेटही आणलंय.) नंबराच्या पाटीला हात लावू नकोस. आणि एनओसीची वर्षभर तरी अजिबात घाई करू नकोस.