काविळीतल्या बावीस नोंदी

३ फेब्रुवारी

संपादकबाईंचा फोन. मुलांसाठीचं माझं पुस्तक छापायला जायला दोन आठवडे उरलेत आणि आत्ता यांना प्रश्न पडलाय! "मॅडम, तिसऱ्या प्रकरणात लिहिलंय की आठवीत तुम्हाला कावीळ झाली, बावीस दिवस दवाखान्यात होतात. मग वहीत त्या बावीस दिवसांच्या नोंदी कशा?"

बघते म्हटलं.

सदतीस वर्षं ही वही मिरवतेय मी. शाळाशाळांतून, सभागृहांतून — बघा मुलांनो, तेरा वर्षांची मुलगी, दुर्बीण नाही की काही नाही. रोज संध्याकाळी गच्चीवर जायची, एका तांबड्या ताऱ्याचा उजेड शेजारच्या दोन ताऱ्यांशी ताडून बघायची आणि आकडा लिहायची. ढग असले तर 'ढग' लिहायची. एक दिवस चुकवला नाही! याच वहीला बक्षीस, बक्षिसामुळे शिष्यवृत्ती, शिष्यवृत्तीमुळे पुढचं सगळं — विद्यापीठ, संशोधन, ही खुर्ची. आणि दुसऱ्यांच्या आकड्यांत जन्मभर खुसपटं काढणाऱ्या मी वही आणि प्रकरण एकदाही शेजारी ठेवून वाचलं नाही.

४ फेब्रुवारी

संपादकबाईंना हे आपलं आपण सुचलं? मला नाही वाटत. हस्तलिखित तपासायला भिंगाकडे गेलं होतं. भिंग म्हणजे संस्थेत माझ्या शेजारच्या खोलीत बसणारा गृहस्थ — स्वतः काही करायचं नाही, उंटावरून शेळ्या हाकायच्या. आज जिन्यात भेटला. "काय, पुस्तक कधी येतंय?" इतकं गोड! पाणी मुरतंय कुठेतरी.

५ फेब्रुवारी

वही काढून भिंग घेऊन बसले (काचेचं). वहीत अक्षर म्हणावं तर 'ढग' एवढंच, तेही त्या बावीस दिवसांत नाही; बाकी तारखा आणि आकडे. पण त्या बावीस ओळींतला पाच माझा नाही. माझा पाच पोट सुटलेला, हा सडपातळ. मुद्दाम माझ्यासारखा काढायचा प्रयत्न केलाय कुणीतरी.

कोण? बाबाच. मी दवाखान्यातून घरी यायच्या आधीच स्पर्धेच्या कचेरीत वही नेऊन दिली ती त्यांनी. पोरीची वही अर्धवट जाऊ नये म्हणून बसून आकडे ठोकले असणार. तिकीट काढल्याशिवाय बसच्या पायरीवर पाय न ठेवणारा माणूस! गेले त्याला अकरा वर्षं झाली. त्यांच्यावर संशय घ्यायची लाज वाटते. पण घेतला.

आणि तसं असेल तर पुस्तक मागे घ्यावं लागेल. नुसतं घेऊन भागणार नाही, का घेतलं ते सांगावं लागेल. ती शिष्यवृत्ती दुसऱ्या कुणाची तरी होती. ज्याची होती त्याचं पुढे काय झालं असेल?

७ फेब्रुवारी

दादाला फोन. "मी तर तेव्हा वसतिगृहात होतो. आणि तुझी ती कावीळ अजून उतरली नाही का गं? सगळं पिवळंच दिसतंय तुला!" हसला. जरा जास्तच हसला.

८ फेब्रुवारी

आईला फोन केला. वहीचं नाव काढल्याबरोबर तिचं दूध उतू जायला लागलं! दूध ती सकाळी तापवते. मी फोन केला होता चार वाजता.

१० फेब्रुवारी

आज खोलीचं दार लावून घेतलं आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या जुन्या नोंदींचा संग्रह आहे. त्यातून त्याच बावीस दिवसांचे आकडे काढले आणि वहीतल्या आकड्यांशेजारी मांडले.

हा तारा लहरी आहे. कधी मंदावेल, सांगता येत नाही. त्या बावीस दिवसांतल्या नवव्या दिवशी तो अचानक उतरला होता — कुणाच्या ध्यानीमनी नसताना. वहीतही नवव्याच दिवशी आकडा बदललाय!

म्हणजे ठोकलेले नाहीत. मग कुठून उतरवले? तेही शक्य नाही. बाकीच्यांच्या नोंदी छापून आल्या सहा महिन्यांनी, तोवर वही बक्षीस घेऊन घरी परतलेली. कुणीतरी खरोखर वर जाऊन बघत होतं.

आणि अजून एक. माझे स्वतःचे आकडे बेडकासारखे उड्या मारतात. ते बावीस रेषेला धरून आहेत. ज्याने पाहिलं त्याचा डोळा माझ्यापेक्षा चांगला होता. चक्क मत्सर वाटला मला.

पण बाबा? बाबांना चष्म्याशिवाय समोरचा दिवा दिसायचा नाही.

१२ फेब्रुवारी

शाळेत व्याख्यान. वही पिशवीतच ठेवली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ती गोष्ट सांगा ना, तुमची!" घसा बसलाय म्हटलं आणि त्यानंतर पाऊण तास खणखणीत आवाजात कृष्णविवरांवर बोलले. त्या काय समजायच्या ते समजल्या. चोराच्या मनात चांदणं.

भिंगाने प्रकरण वाचलंच नव्हतं म्हणे. संपादकबाईंनाच कळलं होतं, त्यांच्या मुलीलाही कावीळ झाली होती म्हणून. उगाच आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही.

१३ फेब्रुवारी

दादाचा फोन, आपणहून. "अगं, बाबा कसे बघतील? दिवसा आई तुझ्याजवळ, आणि संध्याकाळी कामावरून सुटले की बाबा तडक दवाखान्यात. रात्रभर तिथेच. त्यांच्या घोरण्याची तक्रार नाही का आली होती?"

आली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईने केली होती.

म्हणजे संध्याकाळी घरी एकटी आई. आई! मी आकाशाबद्दल काही बोलायला लागले की "मला काय कळतंय त्यातलं" म्हणून स्वयंपाकघरात जाणारी.

१४ फेब्रुवारी

दुपारी आईकडे. वही तिच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "हा पाच तुझा आहे."

तिने कानावर हात ठेवले. मला काय कळतंय त्यातलं, जुनं उकरून काय मिळणार, चहा टाकू का. मी जागची हलले नाही. मग खाली बघत म्हणाली, "आधी सांग, शिष्यवृत्ती परत घेतील का?"

पन्नाशीच्या बाईची आठवीतली शिष्यवृत्ती! मला हसू आलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून गिळलं.

"तू खाटेवर पडून रडत होतीस. तब्येतीसाठी नाही, वहीत खंड पडणार म्हणून. एकदा तूच मला दाखवलं होतंस ना — याच्यापेक्षा उजळ, त्याच्यापेक्षा मंद. म्हटलं, आपण बघू. मग तुला बक्षीस मिळालं. आता कुठल्या तोंडाने सांगायचं? तू सभेत वही काढलीस की मला वाटायचं, आज कुणीतरी उठेल आणि म्हणेल, हिच्या आईने लबाडी केली."

सदतीस वर्षं! पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची ती, आणि मला वाटायचं अभिमानाने डोळे भरतात हिचे. मी तिच्याजवळ बसले आणि रडले. आमच्या कामाचा साधा नियम आहे, आई, ज्याने पाहिलं त्याचं नाव नोंदीपुढे लागतं. पुस्तकात त्या बावीस ओळींपुढे तुझं नाव लावते. तिसरं प्रकरण नव्याने लिहिते.

"लाव बाई," म्हणाली. "पण लबाडी म्हणू नकोस."

राहिले तिच्याकडेच. जेवणानंतर भांडी मी घासली.

१५ फेब्रुवारी

सकाळी निघताना आई दारात अडखळली. "नाव लावायचा नियमच असेल तर बाकीच्यांवरही लावावं लागेल का गं?"

बाकीच्या कुठल्या?

तिने कपाट उघडलं. साड्यांच्या मागे सदतीस वह्या. तारा दर वर्षी सूर्याआड जातो तेवढ्या आठवड्यांपुढे रेघ, बाकी एक दिवस रिकामा नाही.

शेवटची नोंद कालची — मी भांडी घासत होते तेव्हा वर जाऊन आली असणार. माझी शेवटची नोंद आठवीतली.