सर्वेशच्या तोंडचा राडा

ठाकुर्ली,
१३ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? शेजारची तुळसा रोज तुमच्या नौपाड्यात कामाला येते, तिच्याच हाती हे पत्र देतेय. फोन केला असता, पण एका खोलीच्या घरात सर्वेश सतत समोर असतो. आत्ता अंघोळीला गेलाय, तेवढ्यात लिहिते.

भाचा कसा आहे, विचारशील. त्याचा तो शब्द तुला ठाऊकच आहे. मिसळ झणझणीत झाली की राडा, पेपर अवघड गेला तरी राडा, कपाट उघडल्यावर कपडे अंगावर कोसळले तरी राडा, मित्राच्या हळदीत नाचून आला की "आई, नुसता राडा!" दिवाळीत तू म्हणालास, "याला बाराखडी शिकवली ती फुकटच गेली." किती हसलो होतो आपण.

रविवारी संध्याकाळी मैदानावरून आला तो भिंतीला टेकून उभाच राहिला. शर्टावर डाग. मी गमतीत म्हटलं, "काय रे, आज कुठे राडा?" तर पांढराफटक पडला. "आई, तो शब्द नको ना बोलू." पुढे काही विचारलंच नाही मी. शर्ट तेवढा मिठाच्या पाण्यात भिजत घातला. रक्ताचा डाग मिठाने जातो, हे आपल्या आईनेच शिकवलेलं.

समोरच्या थेरेसाचा मुलगा रॉकी रविवारपासूनच हॉस्पिटलमध्ये आहे. डोक्याला मार लागलाय, अजून शुद्धीवर नाही. सोमवारी पोलीस चौकशीला आले. मी सांगितलं, सर्वेशला ताप होता, दिवसभर घरीच होता. इतकं सहज बोलले की माझी मलाच भीती वाटली. ते गेल्यावर तो रडायला लागला. "आऊटवरून भांडलो गं. मी ढकललं, तो पायरीवर आपटला. उचलायला गेलेलो, पण रक्त बघून पळालो."

काल थेरेसा हॉस्पिटलमधून कपडे न्यायला तिच्या घरी आली. तिसऱ्यांदा धुऊन वाळत घातलेला तो शर्ट वाऱ्याने तिच्या दारात पडलेला. झटकून, घडी घालून तीच द्यायला आली. खिशापाशी डाग अजून फिकट दिसत होता, आणि तिचा अंगठा नेमका त्यावर. "सर्वेशचा हाय ना गो? माझ्या रॉकीसाठी तुझ्या देवाला पण सांग."

मी "हो" म्हटलं, दादा. दार लावलं आणि तिथेच खाली बसले.

पोराला आत टाकतील याची भीती आहेच. रॉकीचं काही बरंवाईट झालं तर, हा विचार तर पुरता करवतही नाही.

उद्या सकाळी दहाला ये. आधी थेरेसाकडे जायचं, मग तिघांनी पोलीस चौकीत. सर्वेशला अजून सांगितलेलं नाही. वकिलाचं नंतर बघू. तू आला नाहीस तर मी उद्याही खोटंच बोलेन. माझा माझ्यावर भरवसा उरलेला नाही.

नळ बंद झाला. थांबते.

तुझी घाबरलेली,
माया