शेवटच्या ओळीतले सात पिंजरे

अण्णा, आज ११ डिसेंबर १९९८, सकाळचे सव्वासात. इलेक्ट्रॉनिक सिटीपलीकडच्या माळावर मी पिंजरे उघडून बघतो आहे. चाळीसही पिंजरे काल संध्याकाळी मीच लावले, तरी प्रत्येकापाशी वाकताना वाटतं, रात्रीतून कुणीतरी हात लावलाय. ही खोड जुनी. तुम्हाला ठाऊक असलेली.

आठ वर्षांपूर्वी हाच माळ होता आणि असाच गारठा. प्राणिशास्त्राच्या सरांना इथले रानउंदीर, चिचुंद्र्या मोजायच्या होत्या; धरायचं, वजन करायचं, सोडून द्यायचं. माझी नववीत शाळा सुटली होती, पण अक्षर चांगलं म्हणून त्यांनी वही माझ्याकडे दिली. तुम्ही राखणीला इथल्या शेडमध्ये झोपायचात, मी पिंजरे लावून शेवटच्या बसने राजाजीनगरला आपल्या घरी जायचो. रात्री जीव गारठू नये म्हणून प्रत्येक पिंजऱ्यात कापसाचा गोळा ठेवायचा. एक जरी थंडीने मेला तर पिंजरे लावणाऱ्याचं काम गेलं, असं सरांनी बजावलं होतं. गोळा ठेवल्याच्या खुणा मी वहीत आधीच, दुपारी घरी बसून शाईने करून ठेवायचो, कारण माळावर अक्षर बिघडतं. तुम्ही हसायचात. "उंदीर काय तुझी खूण पांघरून झोपणार काय रे?"

त्या सकाळी शेवटच्या ओळीतल्या सातही पिंजऱ्यांत सरांचा पांढरा कापूस नव्हता. पिवळट, सावरीचा होता. शेडमध्ये जाऊन पाहिलं, तर तुमची उशी उसवलेली, निम्मी झालेली. मनात एकच आलं: चांगला कापूस अण्णा काढून घेताहेत. मी वही उचलली आणि सरांना खुणा दाखवल्या.

सर विचारतात, "अण्णा, पिंजऱ्यांना हात लावलात?" तुम्ही माझ्याकडे बघता. मी वहीकडे. "लावला," तुम्ही म्हणता. "मग उद्यापासून येऊ नका." "सरी," ठीक आहे, एवढंच कानडीत म्हणून तुम्ही उशी काखेत मारता. बसमध्ये मी खोचून विचारलं, "कापूस विकलात की घरी ठेवलात?" तुम्ही दोघांचीही तिकिटं काढलीत.

त्याच संध्याकाळी कापसाची पिशवी झटकली, तर तळाशी सात पांढरे गोळे. आदल्या संध्याकाळी बस चुकेल म्हणून शेवटच्या ओळीत नुसतं आमिषाचं खोबरं टाकून मी पळालो होतो. सरांना हे सांगितलं नाही. तुम्हालाही नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात, त्याच पातळ उशीवर.

हे कुठे पाठवणार? वहीतच राहील. आजची नोंद पिंजऱ्यापाशी उभं राहून केली आहे, पेन्सिलीने, वाकड्या अक्षरात. पिंजरे चाळीस. गोळे चाळीस. पिशवीत शिल्लक काही नाही. तुमचं देणं, सात.