चालत्या मोटारीत चिठ्ठी नाही

लोणावळे, ८ नोव्हेंबर १९३७, सोमवार

हे आज बोलले. माझ्याशी. तोंडाने!

दुपारी जेवायला बसलो. मी सवयीने टेबलावरच्या पितळी कासवाखाली पाहिलं. चिठ्ठी नव्हती. मान वर केली तर हे माझ्याकडेच पाहत होते. म्हणाले, "मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं ते चिठ्ठीत मावणारं नाही." आवाज किती घोगरा झालाय! मी आपली सर्दी समजत होते. घशात गाठ आहे, वाईट जातीची. कापून उपयोग नाही. आवाज टिकला तर संक्रांतीपर्यंत. माणूस पावसाळ्यापर्यंत.

मी उत्तर लिहायला पेन्सिल उचलली. बारा वर्षांची सवय.

"ठेव ती पेन्सिल," म्हणाले.

दिवेलागणीला देवापुढे रडले. मग लाज वाटली. रडण्याच्या तळाशी काहीतरी चक्क उड्या मारत होतं. बातमीने नव्हे. आवाजाने.

१० नोव्हें.

दोन दिवसांत इतकं बोललो! सगळं फालतू. चहा गोड झाला, पेरूला यंदा कीड नाही, असलं. आमच्या ठकूबाईने (कुरवंड्याची, अठरा वर्षं स्वयंपाक तिच्याकडे) आतून ऐकलं नि हातातला डाव खाली पडला. "बाई, सायेब कुणासंगं बोलत्यात? पावनं आल्यात व्हय?"

"माझ्याशी."

"तुमच्यासंगं? अगं बया!" आणि चुलीपुढे बसलीच ती.

खरं ते इथे लिहून ठेवते. चिठ्ठ्या मी सुरू केल्या. म्हणजे आधी ह्यांनीच. रस्ते बांधणारा इंजिनिअर, सारा जन्म तंबूत, घरचं सगळं चिठ्ठीने. नलीचं लग्नसुद्धा. "कोल्हापूरला स्थळ ठरवलं आहे. मुलगा वकील. फाल्गुनातला मुहूर्त. तयारी करावी." मुलगी पंधराची, तोवर शाळेचं तोंड न पाहिलेली. माझ्याच कॉन्व्हेंटात तिचं नाव घातलं होतं, निळा फ्रॉक शिवून तयार होता. लग्न लावून दिलं आणि मी पुण्याला दादाकडे निघून गेले. चौदा महिने राहिले. हे एकदाही आले नाहीत. सासूबाईंना अर्धांग झालं म्हणून मीच परत आले, आणि पहिल्या दिवशी कासवाखाली लिहून ठेवलं: "आपल्याला चिठ्ठीच बरी वाटते ना? मग तसंच."

वाटलं होतं, आठवडाभर चालेल.

१३ नोव्हें., स.

विचारलं! व्हरांड्यात, ह्यांची पाठ माझ्याकडे असताना. "चौदा महिन्यांत एकदाही का आला नाहीत?"

पाठ तशीच ठेवून म्हणाले, "सांगून कळणार नाही. दाखवावं लागेल. पुण्याच्या रस्त्यावर आहे."

"मग चला की. इब्राहिमभाईंना गाडी चालवायला बोलावते."

"तिसऱ्या माणसासमोर नाही."

"तुम्हाला खोकल्याची ढास लागते म्हणून डॉक्टरांनी चालवायला बंदी केली आहे."

"तू शिक."

मी त्रेपन्न वर्षांची आहे. मोटार घेतल्याला तेरा वर्षं झाली, मागच्या बाकावरसुद्धा चारदोनदाच बसले असेन. संक्रांतीला दोन महिने. हसू येतंय.

१६ नोव्हें.

पहिला धडा. इब्राहिमभाई मिस्त्रींनी गाडी धुऊन, हवा भरून अंगणात आणून लावली. जाताना म्हणाले, "वहिनी, घाबरायचं नाही. घाबरलं की गाडीला वास लागतो." ठकूबाई केरसुणी घेऊन उभी. "या वयात म्हस हाकणार व्हय, बाई?" मोटारीला ती पहिल्यापासून म्हसच म्हणते.

शाळेत मी चॅपेलमधला ऑर्गन वाजवायची. खाली दोन पाट्या, डावा पाय उजवा पाय आळीपाळीने दाबत राहायचं, पाय थांबला की सूर मेला. आज पायाखाली दोन पाट्या आल्या मात्र, पाय आपोआप चालू झाले. क्लच, ब्रेक, क्लच, ब्रेक. गाडी बोकडासारखी उड्या मारत पेरूला जाऊन टेकली.

"अगं, भाता मारतेस काय पायांनी!" हे ओरडले. केवढ्याने!

बारा वर्षांत कुणी माझ्यावर ओरडलं नव्हतं. चिठ्ठीतून ओरडता येत नाही. मी इतकी हसले की पदर खोचायचं भान राहिलं नाही.

२१ नोव्हें.

गिअर दोन पडले. तिसरा रडतो.

२२ नोव्हें.

तिसरा पडला!!

२७ नोव्हें.

वळवणच्या रस्त्यावर. सिस्टर क्लेअर ऑर्गनपाशी आमच्या पाठीत पट्टी लावून म्हणायची, पाठ ताठ, नजर पुढे. तशी बसले होते. समोरून गवताची बैलगाडी. माझं डोकं बंद. ब्रेक विसरले आणि मोटारीलाच ओरडले, "हो! हो! हो!" समोरचे बैल जागच्या जागी थांबले. आमची मोटार काही थांबली नाही. गवतात गेलो.

गाडीवान म्हणाला, "बाई, माजी बैलं तुमचं ऐकत्यात, तुमचं जनावर न्हाई ऐकत."

हे हसले. डोळ्यांतून पाणी येईस्तो हसले. इतकं हसताना मी त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पाहिलं होतं. मग हसण्याची ढास झाली. रुमाल काढला, त्यावर लाल. दोघांनी पाहिलं.

रुमालाची घडी घालून खिशात. "चल. मागे घ्यायला शीक आता. नाहीतरी गवतातून निघायचंच आहे."

२९ नोव्हें.

चालताना ओरडायचं नाही असं ठरलं, घशाला सोसत नाही. पुढच्या फळीवर बोटाने ठोकायचं. एक ठोका, हळू. दोन, थांब. तीन, सरळ पुढे चल. हे म्हणाले, "चालत्या मोटारीत चिठ्ठी नाही चालायची. तू वाचायला मान खाली घालशील आणि दोघं दरीत."

५ डिसें.

भांडलो. काय भांडलो! कार्ल्याच्या फाट्याआधी गाडी बाजूला घेतली आणि नलीचं सगळं काढलं. निळा फ्रॉकसुद्धा. ट्रंकेत अजून आहे तो.

"मुलगी सुखात आहे ना?"

"आहे. पण कोल्हापूरहून पत्र येतं ते दुसऱ्याच्या हातचं असतं. माझी मुलगी स्वतःची सहीसुद्धा चित्र काढल्यासारखी काढते."

चुकलो म्हणाले नाहीत. म्हणाले, "तुला विचारायचं असतं, हे मला सुचलंच नव्हतं."

माफीपेक्षा हे खरं वाटलं. खरं आहे म्हणून जास्त लागलंही. घरी उतरताना ह्यांनी दार धरलं माझ्यासाठी.

१२ डिसें.

पातळ भात, ताक. घास उतरायला वेळ लागतो. मी दुसरीकडे पाहत जेवते, म्हणजे ह्यांना घाई वाटायला नको.

१९ डिसें., रविवार

कुरवंडे! चढ चढले! पहिल्या गिअरमध्ये, रेडिएटरातून वाफ, माझ्या कपाळावर घाम, मागे ठकूबाई दोन्ही हातांनी बाक धरून मारुतीचा धावा करते आहे. पण गाव दिसलं मात्र, ठकूबाई सरळ बसली, पदर नीट केला आणि राणीसारखी मान हलवायला लागली. "आमची बाई हाकतीया! बघा, बघा, बाईच हाकतीया!"

गाव गोळा झालं. तिचा थोरला भाऊ, आबा, काठी टेकत ह्यांच्यापाशी आला. "सायेब, ह्यो रस्ता तुमीच केलता. मी खडी फोडाया हुतो. तवा मालकीण कवा दिसल्या न्हाईत."

"आणल्या नव्हत्या," हे म्हणाले.

"मंग आज रस्ता पुरा झाला म्हना."

नागफणीच्या कड्याच्या बाजूने वारा येत होता. खाली कोकण. माझ्या नवऱ्याने मावळात किती मैल रस्ते केले, आणि मी त्यांच्या एकाही रस्त्यावरून गेले नव्हते. उतरताना प्रत्येक वळणावर सांगत होते: इथे सुरुंग लावला, इथे नाग निघाला, इथे तुझी फार आठवण झाली होती.

शेवटचं वाक्य मी दोनदा म्हणायला लावलं. नीट ऐकू आलं नाही म्हणून सांगितलं. ऐकू आलं होतं.

३० डिसें.

लायसन आलं. कागदावर माझं नाव, इंदिरा. ह्यांनी तीनदा वाचलं. ठकूबाईने मोटारीला हळदकुंकू लावलं.

६ जाने. १९३८

आवाज आता कुजबुजीइतका. सकाळी थोडा बरा, दुपारी नुसता वारा. रोज उठल्याबरोबर "अगं" म्हणून बघतात आणि मी आतून "ओ" देते. तेवढं झालं की दिवस सुरू.

मी म्हटलं, उद्याच जाऊ पुण्याच्या रस्त्याला. इब्राहिमभाई म्हणतात टायर बदलल्याशिवाय नाही. टायर मुंबईहून यायचंय. जीव नुसता टांगलेला.

१४ जाने., संक्रांत

आहे! आवाज आहे! चिमूटभर, पण आहे. तिळगूळ दिला. "गोड बोला"मधलं "गोड" ऐकू आलं, पुढचं ओठांवर वाचलं. टायर आलं.

१७ जाने., सोमवार

गेलो. आता हात धुऊन लिहायला बसले आहे, बोटं अजून चाकावर असल्यासारखी वाकलेली.

साडेनवाला निघालो. हँडल ठकूबाईने मारलं, दुसऱ्याच झटक्यात इंजिन धरलं. कार्ले, मळवली. कामशेतच्या खिंडीत समोरून लॉरी आली, मी "पाठ ताठ, नजर पुढे" म्हणत डावीकडे घेतली, लॉरी गेली, मी जिवंत! ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. हा ठोका यादीत नव्हता.

वडगावच्या अलीकडे रस्त्याखाली ओढ्याची एक मोरी आहे, वर दोन्ही बाजूंना बसता येईल असा दगडी कठडा. फळीवर दोन ठोके. थांबले.

हे उतरून कठड्यावर बसले. मी कान जवळ नेला.

"इथवर आलो होतो. सात वेळा."

मला कळेना. "कुठवर?"

"तुला न्यायला. याच मोटारीने. दादाच्या दारात काय बोलायचं ते लोणावळ्यापासून पाठ करत यायचो. इथे आलं की पुसून जायचं. बसायचो. मग परत."

"मग चिठ्ठी तरी पाठवायची!"

"चिठ्ठीनेच तर गेलीस."

सात वेळा! आणि मी तिकडे लोणावळ्याची आगगाडी यायच्या वेळेला रोज दादाच्या खिडकीत. आगगाडीकडे कान. मोटारीकडे नाही. राग आला, आनंद झाला, दोन्ही एकदम. क्लच, ब्रेक, क्लच, ब्रेक. आणि परत आल्या दिवशी कासवाखाली मी ते काय लिहून ठेवलं! हे बोलायचं म्हणून तोंड उघडत असतील आणि मी हातात कागद दिला.

ते ह्यांना सांगितलं. हे फक्त माझा पदर वाऱ्याने उडत होता तो धरून बसले.

मग गाडीत. तीन ठोके. सरळ पुढे. पुण्याला! पण ह्यांचे ओठ निळसर दिसत होते, उन्हं चढली होती, मी नाही म्हटलं. मोरीवरच गाडी वळवली, एका दमात, एरवी कौतुक झालं असतं. परत येईस्तोवर हे मान वळवून मागे बघत होते.

आत्ता लक्षात येतंय. आठव्यांदाही तिथूनच परतलो. आणि या वेळी गाडी मी वळवली.

१८ जाने.

सकाळी "अगं" आलं नाही. मी तरीही "ओ" दिली.

२० जाने., गुरुवार, स. सात

परवापासून ताप. काल इथले डॉक्टर येऊन गेले. अंथरुणातून उठायचं नाही म्हणाले, प्रवास तर बोलायलाच नको. मी हो म्हटलं.

आज चहाला आले तर टेबलावर कासवाखाली कागद. नोव्हेंबरपासून पहिला. पुन्हा तेच सुरू झालं का? बारा वर्षं प्रत्येक चिठ्ठीवर "घरी" असं लिहीत. आज वर माझं नाव आहे.

"इंदू,
पेट्रोल भरून घे. आज दादाच्या दारापर्यंत. दादा दार उघडेल. मी तुला न्यायला आलो आहे, असं माझ्या वतीने तू सांगायचं. मला आता जमणार नाही. आणि पाठ केलेलंही तुलाच नीट म्हणता येईल, तू कॉन्व्हेंटची.
थर्मामीटर लावू नकोस."

हसावं की काय करावं! नवऱ्याला मोटारीत घालून मी पुण्याला जायचं, माझ्याच भावाचं दार वाजवायचं, आणि मलाच न्यायला आलोय म्हणून सांगायचं. दादा अजून ह्यांचं नाव काढू देत नाही. दार लावूनसुद्धा घेईल.

थर्मामीटर लावला. एकशे एक.

डॉक्टरांना निरोप पाठवावा का? चाळीस मैल. कामशेतची खिंड. वाटेत काही झालं तर मी एकटी. घरी झालं तरी...

अंजिरी रेशमी नेसले आहे. का नेसले ठाऊक नाही. मघाशी ह्यांच्या खोलीत गेले, सांगणार होते की आज नको, उद्या बघू. पलंग रिकामा. कोट खुंटीवर नाही.

ठकूबाई दारातून ओरडते आहे, "बाई, चला बिगीबिगी, म्हस तापली! सायेब कवाचं बसल्यात!"

आणि इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू येतंय. फळीवर. एक, दोन, तीन. थोडं थांबून पुन्हा एक, दोन, तीन.