शेक काळजाला लागू नये म्हणून

पर्वत पाटिया, सुरत
३ जानेवारी २०२५

तीर्थरूप मायस,
सागरचा शि. सा. न.

पत्र लिहायला बसलो आणि चार वेळा उठून गेलो, हे आधीच कबूल करतो. एकदा पेन आणायला म्हणून निघालो तो एका ट्रकवाल्याबरोबर कामरेजला पोचलो. तिथं ऊस काय गोड मिळतो, माय! पण ते राहू दे. फोनवर सांगितलं असतं, तर वहिनी स्पीकर चालू करते आणि अख्खी गल्ली ऐकते. तूच म्हणालीस, ताईचं दुखणं पत्रात लिही.

तर हर्षदाताईच्या ऑपरेशनची जखम सुकली. आता छातीला शेक द्यायचा आहे. इथं कॅन्सरच्या किरणांना सगळे शेकच म्हणतात. अडचण अशी की गाठ डावीकडं होती, आणि तिच्या मागंच काळीज. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शेक जिथं हवा तिथंच देतो, तरी थोडा शेजारी काळजाला लागतो, आणि त्याचा त्रास कधीकधी पुष्कळ वर्षांनी निघतो. मी म्हटलं, मग काळजावर पत्रा ठेवा की. त्या हसल्या. उपाय वेगळाच निघाला. मोठा श्वास घेऊन धरून ठेवायचा. छाती फुगली की काळीज लांब सरकतं, तेवढ्यात शेक देऊन घ्यायचा. यंत्र एवढं मोठं आणि सगळं अडलंय श्वासावर, मला खरंच वाटेना.

पण ताईला जमलं नाही. श्वास धरते आणि लगेच सुटतो. यंत्रावरची बाई माइकवरून सारखी म्हणे, फरीथी, बेन, फरीथी, म्हणजे पुन्हा एकदा. शेवटी सांगितलं, घरी उताणं झोपून सराव करा, दोन आठवड्यांनी परत बघू. तेव्हाही नाही जमलं तर तसाच शेक देऊ, त्याहून जास्त थांबता येणार नाही.

आता घरी सराव करायचा कुठं? एकच खोली, आणि त्यात तिचे सासरे भटूतात्या दिवसभर खाटेवर. धर्मेंद्रदाजी लूमच्या कारखान्यात असतात, म्हणून सुनेजवळ कोणीतरी पाहिजे असं म्हणून तात्या देवळातसुद्धा जात नाहीत. जीव लावतात, खोटं कशाला बोलू. पण सासऱ्यासमोर ताई आडवी कशी होणार? ऑपरेशननंतरही भिंतीला टेकून बसून असते, डोक्यावरचा पदर हलू देत नाही. मी तात्यांशी बोलतो म्हटलं, तर म्हणाली, बोललास तर तुझं तोंड बघणार नाही. आता तूच सांग, काय करू?

पायाचं प्लास्टर कधी निघतंय ते कळव. उशीर केला म्हणून रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
सागर

अमळनेर
७ जानेवारी २०२५

चि. सागरास,
मायचे अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर तुझ्यासारखंच, एका ओळीत टिकत नाही. तरी सगळं लावून वाचलं. काळजाचं तेवढं दोनदा वाचलं.

हर्षदाला बोल लावू नकोस. तुझे आजोबा ओट्यावर असले की मी तापानं फणफणत असले तरी चुलीपाशी बसून राहायचे. किती गुणाची सून म्हणून सगळ्यांनी वाखाणली, आणि तेच मी पोरीला आंदणात दिलं.

पण तात्यांना हाकलायला जाऊ नकोस. तो माणूस माया म्हणूनच बसून राहिलाय. छातीबद्दल चकार शब्द काढू नकोस, काळजाचं सांग. काळीज बाईचं आणि बाप्याचं सारखंच, त्यात लाजायचं काय? आणि पुढचं त्यांच्यावर सोड. हर्षदा चार दिवस तोंड बघणार नाही म्हणते, तर नको बघू दे. बघण्यासारखं आहे तरी काय, आधी दाढी कर.

प्लास्टर नसतं तर मीच आले असते. तिळाचे लाडू पाठवतेय, वाटेत संपवू नकोस. देव तुम्हा दोघांना सांभाळो, आणि तू तिला सांभाळ.

तुझी,
माय

सुरत, हॉस्पिटलच्या बाकावरून
१६ जानेवारी २०२५

तीर्थरूप मायस,
शि. सा. न.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी तात्यांना चहाला नेलं. आधी सचिन गावच्या, कापड रंगवायच्या कारखान्यातल्या माझ्या जुन्या शेटच्या गोष्टी सांगितल्या, मग साड्यांचा बाजार, मग पतंगाचा मांजा. तात्या म्हणाले, सागर, काय बोलायचं ते बोल, चहा थंड होतोय. मग सांगितलं. काळजाचंच सांगितलं, तुझी आण. दुपारी खोली मोकळी पाहिजे, तेही सांगितलं. तात्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, म्हणजे मी राखण करत बसलो, आणि तिला धड श्वास घेता आला नाही. मी आणखी एक चहा सांगितला.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी तात्यांची खुर्ची गॅलरीत, दाराकडं पाठ करून. उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, सगळी सुरत पतंग घेऊन गच्चीवर, नुसता आरडाओरडा, पण तात्या जागचे हलले नाहीत. शेजारची तारामावशी उंधियूची भाजी घेऊन आली, तिला दारातच अडवलं. म्हणाले, सून शिकतेय. काय शिकतेय विचारलं तर म्हणाले, मला काय माहीत, मी बाहेर असतो.

ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग सराव करता करता एकदा भर दुपारी गाढ झोपली. त्या घरात तिला दिवसा झोपलेली मी पहिल्यांदा बघितली. तात्यांना सांगितलं तर त्यांनी खाली जाऊन गाणी लावणाऱ्या स्पीकरवाल्यापुढं हात जोडले, आवाज बंद कर म्हणून.

आज परत तपासणी आहे. ताई आत गेलीय, जाड दार बंद झालंय. दाजींना सुटी मिळाली नाही. मी इथं बसून श्वास धरून बघतोय, तिच्या निम्माही जमत नाही. बिडी सोडली पाहिजे. हे तू वाचलं नाहीस असं समज, आणि लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
सागर

ता. क. – ताई बाहेर आली, हॉस्पिटलच्या झग्यातच. जमलं, माय! काळीज सरकलेलं चित्रात दिसलं. रोजचा शेक असाच श्वास धरून देणार. थोडाफार लागेलच, पण पुष्कळ कमी. आणि आत्ता जिन्यातून कोण आलं असेल? तात्या! भलत्याच मजल्यावर जाऊन, धापा टाकत. ताईचा हात डोक्याकडं गेला, पण झग्याला पदर कुठला? तात्या म्हणाले, राहू दे पोरी, दमली असशील, आडवी हो त्या बाकावर. आणि मला उठवलं. उभ्यानं लिहितोय.