लिंगैक्य गुंडप्पा

नळदुर्ग,
८ मे १९४९

गुंडप्पाकाका,

पत्रिका फाडून काय होणार? दोनशे वाटून झाल्या की. वर नमस्काराचं 'शरणार्थी' लिहिलं न्हाय, समजून घ्या. तब्येत ठीक असंल. शरणम्माआत्या वाशीहून गाडीत रडतच आली म्हणं, आन् तुम्ही दारात पान चघळत उभे. तिनं तुम्हालाच विचारलं, "कधी गेले?"

तुमच्या महानंदाच्या लग्नाची पत्रिका तुम्हीच मला लिहायला दिली, घरात शिकलेला म्हणून. आपल्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'लिंगैक्य' लावतात. तो शब्द माझ्या अप्पांचा होता. माझ्या हातानं तो तुम्हाला लावला.

चूक झाली, असंच मी सगळ्यांना सांगितलं. हैद्राबादला कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, मन म्हणजे जमिनीतलं धान्याचं पेव. वरून सारवलेलं, आत काय कुजतंय ते वर चालणाऱ्याला ठाऊक नसतं. हात मात्र आतलं ऐकतो.

तुम्ही तरी दुसरं काय म्हणाला होता? गेल्या साली रझाकार पोलीस घेऊन दुकानात आले, शांतलिंग कुठाय म्हणून. तुम्ही तोंडातून शब्द काढला न्हाय. बोट उठलं, सरकीच्या कोठीकडं. अप्पा तुरुंगातच गेले. माती दिल्यावर तुम्ही माझे हात धरले. "विरू, माझ्या मनात नव्हतं रे. बोट आपसूक उठलं."

मी मानलं. वर्षभर मानलं.

आता खरं ऐका. सोलापूरच्या छापखान्यात प्रूफ हातात आलं तेव्हा ती चूक मला दिसली. पेन्सिल हातातच होती. खोडायला कितीसा वेळ लागतोय. मी जरा खिडकीबाहेर बघितलं आन् खाली सही केली.

लिहिताना हात आपसूक चालला असंल. सही आपसूक झाली न्हाय.

म्हणून विचारतो. तुमच्या दुकानापासून कोठी वीस पावलं. ते लोक तेवढं चालेपर्यंत 'तिकडं न्हाय' म्हणता आलं असतं. बिराप्पा हमाल तिथंच पोती रचत होता. तो सांगतो, तुम्ही पानाला चुना लावत होता.

महानंदाला माझा आशीर्वाद सांगा. तिचं काही चुकलं न्हाय. नव्या पत्रिका मी छापणार न्हाय.

उत्तर लिहू नका. पत्र पेटीत टाकतोय, मोटार समोर उभी हाय, आन् पुढचा पत्ता कुणालाच दिलेला न्हाय.

पत्रिकेप्रमाणे हयात असलेल्या शांतलिंगप्पांचा मुलगा,
विरुपाक्ष